घरमालकिणीच्या वाट्या

बेटावर कोबी विकत घ्यायचा म्हणजे आमच्या घरात आधी बैठक बसायची. बायको म्हणायची, अर्धा घ्या. मी म्हणायचो, अर्धा देत नाहीत. मग आम्ही दोघं दुकानात जाऊन तो कोबी हातात घ्यायचो, वजनाचा अंदाज काढायचो आणि परत ठेवून द्यायचो. दुकानदाराकडं कोबी राजधानीहून बोटीनं यायचा, आणि राजधानीत यायचा तो बहुतेक आपल्याच देशातून. आमच्या गावी, झरीच्या बाजारात संध्याकाळी उरलेला कोबी गुरांपुढं टाकतात, आणि इथं मी त्याच्याकडं सोनाराच्या दुकानात उभं राहिल्यासारखा बघायलोय. मला माझाच राग यायचा. मी तसा तापट माणूस आहे, पण महागाईवर चिडून करता काय? बोटीवर चिडता येत नाही.

बायको इंग्रजीची शिक्षिका. परभणीला एका खाजगी शाळेत होती तेव्हा पगार कधी व्हायचा, कधी नुसता होणार होणार म्हणायचे. मग तिला समुद्राच्या मधोमध असलेल्या त्या इवल्याशा देशातल्या शाळेत नोकरी लागली. पगाराचा आकडा ऐकून आमच्या परभणीच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी बसस्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान बंद केलं आणि चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बायकोसोबत गेलो. मला तिकडं काम करायची परवानगी नव्हती. म्हणजे ती कमावणार आणि मी घर सांभाळणार. हे झरीत कुणालाच सांगितलं नव्हतं. झरीच्या लेखी मी फॉरेनला होतो, बस्स.

लोकांना वाटतं बेट म्हणजे मजा. नारळ काय, पडलेले उचलायचे. मासे काय, हात घातला की आले. नारळाचं म्हणाल तर एक वेळ खरं आहे, पण माणूस नारळावर जगत नाही. प्यायचं पाणी बाटलीत विकत. गॅसचं सिलिंडर बोटीनं येणार, आणि वारा सुटला की बोट येणार नाही. मग दुकानात बिस्किटं आणि डब्यातला मासा एवढंच. कांदे आम्ही चहाच्या कपात ठेवायचो, जागा पुरायची. खोलीत एसी होता, त्याच्यावर मी पंचा वाळत घालायचो, कारण विजेचं बिल बघून पहिल्याच महिन्यात आमचे डोळे पांढरे झाले होते. माझे केस बायको कापायची. झरीहून नेलेलं ज्वारीचं पीठ आम्ही इतकं जपून वापरलं की शेवटी त्यात किडे झाले, आणि ते चाळून आम्ही भाकरी केल्या. हे लिहितानाही हात अडखळतो, पण खोटं कशाला लिहू.

आमच्या खाली घरमालकीण राहायची. पन्नाशीची बाई, नवरा मासेमारीच्या बोटीवर. सिनेमे बघून शिकलेली मोडकी हिंदी बोलायची. आमची मुलगी डब्यातला मासा तोंडात धरून बसते, गिळत नाही, हे तिनं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिना चढून वर आली. हातात वाटी. पांढरी, निळ्या काठाची, चिनी मातीची. नारळाच्या दुधातला ताजा मासा आणि भात. "बेबी के लिए," म्हणाली. मुलीनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

आता आमच्याकडं दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. कुणी शिकवावं लागत नाही, ते अंगातच असतं. शेजारणीची वाटी आली की धुऊन ठेवायची, आणि घरात काही बरं झालं की ते घालून द्यायची. काहीच नसलं तर निदान गुळाचा खडा. रिकामी वाटी हातात देणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. पहिली वाटी मी शेंगदाण्याची चटणी घालून दिली. तिनं बोटानं चाखली, डोळ्यांत पाणी आलं, पण हसली. दुसरी वाटी आली तेव्हा आईनं दिलेले शेवटचे लाडू गेले. तिसरी आली तेव्हा घरात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. भजी करावीत तर तेल, बेसन, कांदा, या तिघांची किंमत डोळ्यांपुढं उभी राहायची. म्हटलं, बोट येऊ दे. बोट आली, बघून परत आलो. तोवर चौथी वाटी आली होती.

असं करत करत ओट्यावर पाच वाट्या जमल्या. तिच्या घरातल्या वाट्याच संपल्या असाव्यात, कारण पुढं ती आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्यात जेवण पाठवायला लागली. बोलली काही नाही. तो डबा बघून माझे कान गरम झाले. बायको म्हणाली, "धुऊन देऊन टाका की तशाच. हितं कोणाला म्हाईत हाय आपलं रीतरिवाज?"

"मला म्हाईत हाय ना," मी ओरडलो.

"मग भरून तरी द्या. नुसतं बघत काय बसायलाव?"

ती बरोबर होती आणि माझा हात उचलत नव्हता. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या देऊ. दुसरा दिवस उजाडला की लाज कालच्यापेक्षा वाढलेली असायची. एवढे दिवस ठेवून वर रिकामी द्यायची? बाई काय म्हणेल? ती काहीच म्हणत नव्हती, आणि रोज दुपारी माझी मुलगी स्वतःच जिना उतरून खाली जेवायला जायला लागली होती.

खरा घोर वेगळाच होता. मुलगी पाचची झाली. शाळेत घालायची म्हणजे परक्या देशाच्या मुलाची फी, वर दूध, फळं, ताप आला की दवाखाना. वर्षाच्या शेवटी हातात काही उरेना. एक दिवस बायको म्हणाली, "या सुट्टीत हिला आईंकडं ठेवून येऊ." मी नाही म्हणालो. बायको शाळेत गेली की त्या खोलीत मला माणूस म्हणून ती पोरगीच होती. आमचं भांडण खाली ऐकू गेलं असणार. घरमालकीण वर आली आणि म्हणाली, मागची लहान खोली घ्या, भाडं निम्मं, दुपारचं जेवण बेबी माझ्याकडं करील. "बेबी इधर रहेगा," एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

पोरगी आमच्याजवळ राहणार की नाही, हे आता त्या बाईच्या भल्या मनावर होतं. आणि तिच्या पाच वाट्या माझ्या ओट्यावर पडून होत्या. मी ठरवलं की सुट्टीत झरीला जाताना वाट्या बॅगेत घालून न्यायच्या, आईच्या घरून भरून आणायच्या, आणि मग ताठ मानेनं त्या मागच्या खोलीत राहायला जायचं. घरमालकिणीला सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

झरीला पोचलो तेव्हा वैशाखातलं ऊन नुसतं पेटलं होतं. आई अंगणातच उभी. नातीला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "काय गं माय, हाडं लागायलीत." मी म्हणालो, तिकडची हवाच तशी. दोन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर असते, घरीही करतात आणि शेजारीपाजारी देतात. त्या दिवशी मी बायकोच्या कागदपत्रांसाठी परभणीला गेलो होतो. ती आणि पोरगी तिच्या माहेरी. संध्याकाळी परत आलो, बॅग उघडली, तर कपड्यांच्या घडीतल्या वाट्या जागेवर नाहीत. एक तेवढी मोरीत धुऊन पालथी घातलेली.

"आई, बाकीच्या वाट्या कुठं हायत?"

"गेल्या की घरोघर," आई खुशीत होती. "खीर घालून दिल्या. म्हटलं वाटी बी राहू द्या, लेकानं फॉरेनवरून आणलीय. कसल्या नाजूक हायत. लय खूश झाल्या बाया."

मी मोरीतली वाटी उचलून हातात घट्ट धरली. आई म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, "त्या द्यायला न्हवत्या आणल्या."

"मग काय आणलंस द्यायला?" तिचा आवाज एकदम चढला. "बॅगीत दुसरं हाय तरी काय? चार चॉकलेटं. आल्यापासून बाया इचारायल्यात, काय आणलं लेकानं, काय आणलं लेकानं. मी काय दाखवू त्यायला? माझं हात?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वाट्या कुणाच्या, आमच्याकडं का राहिल्या, बेटावर काय भावानं काय मिळतं. कमावते ती आणि घरी असतो मी, हेही सांगितलं. आई ऐकत होती. मधेच विचारलं, "मग तू काय करतूस तिकडं दिवसभर?" मी म्हणालो, सैपाक करतो, धुणं धुतो. ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली. मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता त्या वाट्या माघारी आणाव्या लागतील," मी म्हणालो.

"दिलेलं मागायचं? या गल्लीत आजपत्तोर कुणी दिलेलं मागितलं न्हाई. दुसऱ्या घेऊन दे त्या बाईला, परभणीत ढीगभर मिळतेत."

"तिच्याच पाहिजेत, आई. मी चोरून आणल्यावानी झालंय. त्या बाईच्या जिवावर पोरगी आपल्याजवळ राहणार हाय."

"मग तू जा. मी न्हाई येणार संगं," आई म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली.

मी गेलो. आधी निवृत्त मास्तरांच्या घरी. मास्तरीणबाईंनी वाटी शोकेसमध्ये ठेवली होती, नातवाच्या कपबशीशेजारी. मी खोटं बोलणार होतो, सेट मोडला, कंपनीला परत करायचाय, असलं काहीतरी. त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि जीभ वळेना. या बाईंनी मला बाराखडी शिकवलेली. म्हणालो, "बाई, ही वाटी आमची न्हाई. तिकडं आम्ही एका खोलीत राहतो. लय महाग हाय सगळं. माझ्या पोरीचं दुपारचं जेवण एका परक्या बाईच्या घरून या वाटीत येतं." त्या उठल्या, शोकेस उघडलं, वाटी आत नेली आणि बाहेर आल्या तेव्हा तीत तिळाची चटणी होती, वर कागद बांधलेला. मी नको नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "अरे, रिकामी कशी देऊ?"

त्या एका वाक्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर जे मला जमलं नाही ते त्यांनी आत जाऊन बाहेर येईपर्यंत केलं.

दुसऱ्या घरी काकूंनी करडईच्या तेलात परतलेले शेंगदाणे घातले. तिसऱ्या घरी तर खीर संपवून वाटीत मीठ ठेवलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या डब्यात ओतलं, वाटी घासली आणि कुरडया मोडून भरल्या. तिथं माझ्या वयाच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मला परत तेच सगळं सांगावं लागलं. एक जण म्हणाली, "मग दाजी, जायचं तरी कशाला एवढ्या लांब?" ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. मी कुरडयांची वाटी उचलली आणि उठलो.

चौथं घर माझ्या चुलत वहिनीचं. तिचं आणि आईचं आधीच बिनसलेलं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाईनं तर गल्लीभर सांगितलं, लेकानं आणलंय म्हणून." वाटी आणली आणि उंबऱ्यावर ठेवली. हातात दिली नाही. रिकामी. मी वाकून उचलली. घरी आलो तर आई दारातच होती. तिनं तेवढी एक वाटी माझ्या हातातून घेतली, आत जाऊन ज्वारीच्या पिठानं शिगोशीग भरली आणि माझ्यापुढं आपटून ठेवली. पाचवी घरात होती, तीत तिनं लसणाची चटणी घातली. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढचे काही दिवस आई विहारात गेली नाही. नळावरही मीच जायचो. मला वाटलं, राग आहे, जाईल. बायको माहेरून परत आली, बांधाबांध सुरू झाली. वाट्या टॉवेलात गुंडाळताना आई आमच्याजवळ येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "पोरगी न्हाई जायची."

मी म्हणालो, "आई, खोलीचं ठरलंय. अर्ध्या भाड्यात..."

"तूच सांगितलास ना दारोदार, पोरीचं पोट त्या बाईच्या वाटीवर हाय म्हणून. आता गल्ली मला इचारायलीय, आजी जित्ती असताना नात परक्याच्या वाटीवर का म्हणून? मी काय सांगू? घरात ज्वारी हाय, दोन म्हशी हायत. हितं पोटभर खाईल."

मी बायकोकडं बघितलं. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आई म्हणतात ते चूक न्हाई." मग म्हणाली, "अन तुमी बी हितंच राहा हिच्याजवळ. मी दुसऱ्या टीचरबरोबर खोली घेते. तसं केलं तर चार पैसे मागं पडतील." म्हणजे तिनं ते आधीच मनात मांडून ठेवलं होतं. मी चिडलो, बोललो बरंच, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिकडं कसं खातो, हे मीच घरोघर फिरून सांगून आलो होतो. पोरीला जवळ ठेवायचं म्हणून वाट्या मागायला गेलो, आणि त्या मागण्यातच पोरगी माझ्या हातातून सुटली. बाप म्हणून मला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

बायको परभणीहून गाडीत बसली. पुढं हैदराबादहून विमान. पोरगी फलाटावर हात हलवत होती. तिला सांगितलं होतं, आपण नंतर जायचं.

बायको बेटावर पोचली त्याच दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. आई भाकरी थापत होती, पोरगी तिच्याजवळ पाटावर. बायको म्हणाली, वाट्या द्यायला खाली चाललेय, तुमी बी बोला दोन शब्द. फोनमध्ये जिना दिसला, मग ते खालचं दार, मग घरमालकीण. बायकोनं पाचही वाट्या तिच्यापुढं मांडल्या. चटणी, शेंगदाणे, कुरडया, पीठ. कागदं सोडून सोडून दाखवत होती. मी मनात जुळवलेलं हिंदी वाक्य म्हणालो, माफ करना, बहोत देर हुआ. मला वाटत होतं, निदान एवढी एक गोष्ट तरी आता नीट होईल.

ती वाट्यांकडं बघतच नव्हती. ती बायकोच्या मागं, दाराकडं बघत होती. "बेबी किधर?" म्हणाली.

बायकोनं सांगितलं, आजीकडं राहिली, आता तिकडंच राहील. बाईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं चटणीच्या वाटीवर हात ठेवला आणि ती बायकोकडं सरकवली. "ये तो बेबी का है," म्हणाली. "मैं दिया, बेबी को. वापस क्यूं?"

तिनं त्या परत मागितल्याच नव्हत्या. आपल्या घरची रीत तिच्याही मनात असणार असं धरून मी वर्षभर मान खाली घातली, गल्लीभर फिरलो, आईला चारचौघांत खाली बघायला लावलं. आणि ज्या पोरीच्या त्या वाट्या, ती पोरगी इथं.

आवाज ओळखून मुलीनं फोन माझ्या हातातून ओढला. दोघी बेटावरच्या भाषेत काहीतरी बोलल्या, मला ती भाषा कधी आली नाही. मग बाई आत गेली आणि भाताची ताटली घेऊन आली. बायको आली म्हणजे बेबीही आली असणार, असं धरून तिनं सैपाक केलेला. ताटली फोनसमोर धरून ती म्हणाली, "आओ, बेबी, खाना."

"आले," मुलगी म्हणाली. फोन माझ्याकडं दिला, कोपऱ्यातली चप्पल घातली आणि बाहेर पळाली. आमच्या घराला एकच मजला. ती अंगणात उभी राहून इकडं बघते, तिकडं बघते, मग घराच्या मागं जाऊन बघून आली आणि मला म्हणाली, "पप्पा, जिना कुठंय?"

आईचे हात पिठात तसेच राहिले. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी तिनं ती उलटली नाही. फोनमध्ये ती बाई अजून ताटली धरून उभी होती, आणि फोन बंद करावा की पोरीला आत आणावं, हेच मला सुचत नव्हतं.